दमा हा लपविण्याचा रोग नव्हे

मनुष्याला अन्नावांचून कांहीं दिवस निभावतां येतें. श्वासावांचून चार मिनिटें काढणेंही कठीण. असें असूनही ज्या रोगाचा घाला थेट श्वासावरच पडतो, त्या दम्याविषयीं आपल्या घरांत जितकी कुजबूज चालते तितका विचार चालत नाहीं. मुलाला दमा आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें कीं, पुष्कळ आईबापांच्या मनांत उपचाराच्या आधीं 'हें कोणाला कळेल काय?' हाच प्रश्न उभा राहतो. मग शेजाऱ्यांना 'कफाची प्रकृति', शिक्षकांना 'ॲलर्जीचा खोकला' व नातेवाइकांना 'बाळदमा, मोठेपणीं जाईल' असें सांगण्यांत येतें. मुलगी असेल तर लग्नाच्या चिंतेनें हा पडदा अधिकच जाड होतो. हा पडदा रोगाहूनही घातक आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

प्रथम हा रोग आहे तरी काय, तें पाहूं. फुप्फुसांत हवा नेणाऱ्या नळ्यांना आंतून नाजूक अस्तर असतें. दमेकऱ्याचें हें अस्तर सदा थोडें सुजलेलें व हळवें असतें. धूळ, धूर, थंड हवा, पडसें किंवा जोराचें धांवणें असें कांहीं निमित्त झालें कीं, नळ्यांभोंवतालचे स्नायू आवळतात, सूज वाढते, चिकट कफ सांचतो आणि हवेची वाट अरुंद होते. छातींत जी शीळ वाजते ती या अरुंद वाटेमुळेंच. म्हणजे दम्याचीं दोन अंगें झालीं : एक स्नायूंचें आवळणें, जें येतें व जातें, आणि दुसरें सूज, जी धाप नसतांनाही आंत टिकून राहते.

औषधेंही या दोन अंगांस अनुसरून दोन प्रकारचीं आहेत. साल्ब्युटामॉलसारखें औषध आवळलेले स्नायू थोड्या मिनिटांत सैल करतें. श्वासावाटें घ्यावयाचें स्टेरॉइड सूज हळूहळू उतरवितें. म्हणून तें त्रास असो वा नसो, डॉक्टर सांगतील तितके दिवस नेमानें घ्यावें लागतें. घोटाळा होतो तो येथेंच. पहिल्या पंपाचा गुण तत्काळ दिसतो म्हणून तो जवळचा वाटतो. दुसरा मात्र 'आतां बरें आहे' म्हणून पंधरा दिवसांत कपाटांत जातो. ज्वाळा विझवावयाची, पण निखारा तसाच ठेवावयाचा, असा हा प्रकार आहे. दम्याविषयीं जगभरच्या डॉक्टरांस मार्गदर्शन करणाऱ्या 'जिना' या संस्थेनें २०१९ पासून बारा वर्षें व त्यांवरील रोग्यांविषयीं बजावलें आहे कीं, केवळ तत्काळ आराम देणाऱ्या औषधावर कोणीं विसंबूं नये. हल्लीं दोन्ही कामें करणारे एकत्र पंपही मिळतात.

'पंपाची सवय लागते' आणि 'पंप हा शेवटचा उपाय' हे दोन समज आपल्या समाजांत खोल रुजलेले आहेत. यांचें उत्तर साध्या गणितांत आहे. साल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबांत १०० मायक्रोग्रॅम औषध येतें, म्हणजे लहान गोळीचा विसावा हिस्सा. गोळी पोटांतून रक्तांत व रक्तांतून सर्वांगांत फिरते. पंपाचें औषध हवें तेथें थेट पोंचतें. मग भीति कोणाची बाळगावी? चष्मा लावणाऱ्यास चष्म्याचें व्यसन लागलें असें आपण म्हणत नाहीं. मात्र पंप घेण्याची रीत डॉक्टरांकडून नीट शिकून घ्यावी, लहान मुलांना स्पेसर लावून द्यावा, व स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरावी.

मृगाच्या आरंभीं हैदराबादेस जिवंत माशाच्या तोंडांत औषध घालून तो रोग्यांस गिळावयास देतात, आणि आपल्याकडे कोजागिरीच्या रात्रीं ठिकठिकाणीं दम्याचें औषध घातलेली खीर वांटतात. कोणाच्या श्रद्धेचा उपहास करण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु दम्याचा स्वभावच चढउताराचा आहे; तो कांहीं महिने आपोआप शांत राहतो, आणि त्या अवधींत जें घेतलें असेल त्यास यश मिळतें. म्हणून इतर कांहीं करावयाचें तर करा, पण चालू पंप त्यासाठीं थांबवूं नका.

२०१९ च्या जागतिक रोगभाराच्या अंदाजाप्रमाणें जगांतील दम्याच्या ओझ्यापैकीं सुमारें १३ टक्के भारतावर होतें, परंतु दम्यानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं ४० टक्क्यांहून अधिक येथें झाले. या तफावतीचा मोठा भाग उशिरां व अर्धवट घेतलेल्या उपचारांचा आहे, आणि त्यांच्या मुळाशीं पुष्कळदां लाजच असते.

घरानें करावयाचें काम थोडें पण रोजचें आहे. बापानें घरांत विडी-सिगारेट ओढूं नये. मुलाच्या खोलींत डासांची अगरबत्ती जाळूं नये. गाद्या-उशांत डोळ्यांस न दिसणारे धुळींतील कीटक वाढतात. म्हणून चादरी व अभ्रे दर आठवड्यास कढत पाण्यांत धुवावे, आणि कोरडा केर काढण्यापेक्षां ओल्या फडक्यानें जमीन पुसावी. पावसाळ्यांत भिंतींवर येणारी बुरशी पुसून काढावी. उलट, पुराव्यावांचून केळें, दहीं, भात तोडून मुलाला अशक्त करूं नये.

धाप लागलीच तर रोग्यास निजवूं नये. ताठ बसवावें, कपडे सैल करावे, आणि आराम देणारा पंप डॉक्टरांनीं लिहून दिलेल्या प्रमाणांत द्यावा. वाक्य पुरें बोलवत नसेल, बरगड्यांमधील कातडी आंत ओढली जात असेल, किंवा ओंठ निळसर दिसत असतील, तर क्षणभरही वाट न पाहतां १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी व वाटेंतही पंप चालू ठेवावा. हें सारें डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घेऊन घरांत सर्वांना दिसेल असें लावावें. कारण धाप रात्रीं-अपरात्रीं येते, आणि तेव्हां आठवण साथ देत नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, आतां तुमच्याकडे वळतों. तुमच्या वर्गांतील एखादा मुलगा दप्तरांतून पंप काढील, तेव्हां हंसूं नका. ज्याला हंसतात तो पंप घरीं ठेवून येतो, आणि नेमकी त्याच दिवशीं धाप लागते. दमा असलेल्यांनींही खेळावर पाणी सोडूं नये. पॉला रॅडक्लिफ या इंग्लंडच्या धांवपटूस शाळकरी वयापासून दमा होता. तिनें २००३ सालीं लंडनची मॅरेथॉन २ तास १५ मिनिटें २५ सेकंदांत पुरी केली, आणि स्त्रियांचा तो जागतिक विक्रम १६ वर्षें अबाधित राहिला.

पालकांस माझी एवढीच विनंती आहे कीं, वर्षाच्या आरंभीं मुलाच्या वर्गशिक्षकांस भेटून त्याचा दमा, त्याचा पंप व त्याचा कागद या तीन गोष्टी उघडपणें सांगाव्या. 'दमा जिवाबरोबरच जातो' असें म्हणत हताश होण्याचे दिवस गेले. तो समूळ जाईलच असें नाहीं. पण योग्य औषधानें बहुतेकांचा ताब्यांत राहतो, आणि असा मुलगा शिकतो, खेळतो, रात्रीं स्वस्थ झोंपतो. याहून अधिक आपण कोणत्या मुलासाठीं मागतों?