गोव्यात फ्लॅट बुक करण्याआधी

मंडळी, मार्च-एप्रिल आला की इथल्या टॅक्स रिटर्नचे मेसेज सुरू होतात आणि हल्ली त्यात एक हमखास असतो: "गोव्यात टू बीएचके बघितलाय, बॉक्स ३ मध्ये कसा दाखवायचा?" उत्तर दोन ओळींचं आहे, ते देईनच. पण त्याआधी जरा भांडायचंय.

नायमेखनमध्ये वाढणारी आपली मुलं प्राथमिक शाळेतच पोल्डर शिकतात. १९५३ चा पूर त्यांना माहीत असतो. १९९५ मध्ये नद्या चढल्या आणि अडीच लाख माणसं हलवावी लागली, त्यात आपल्या शेजारचा ओइपोल्डरही होता. पुढे लेंटला डाइक साडेतीनशे मीटर मागे नेऊन वाल नदीला जागा करून दिली. पोरं हे अभिमानाने सांगतात, सांगावंच. आणि गोवा? गोवा म्हणजे बीच, कोळंबी आणि बाबांची गुंतवणूक. पाणी आवरायची अक्कल डचांना, आपल्याकडे पाणी फक्त तुंबतं, असं डोक्यात घेऊन ही मुलं मोठी होतायत. ते दुरुस्त करणं काही इथल्या शाळेचं काम नाही.

गोव्यात खाजन नावाची जमीन असते. मांडवी, झुआरीच्या खाड्यांमध्ये भरतीचं खारं पाणी आत शिरतं, त्याला माती आणि जांभ्या दगडाचे बांध घालून अडवलेली ही सखल शेतं. बांधात जागोजागी लाकडी झडपांचं दार, त्याला मानस म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही. पावसाळ्यात तिथे कोरगूट पिकतं, खारटपणा सोसणारं भात. पोर्तुगीज १५१० मध्ये आले, हे त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

माझ्या धंद्याच्या माणसाला खरी मजा पुढे आहे. बांध सांभाळायचा खर्च कुठून? जमीन गावाची सामाईक, कारभार गावकरी संस्थेचा. (तिचे रीतिरिवाज पोर्तुगिजांनी १५२६ मध्ये लिहून काढले, म्हणजे तेव्हाच ते जुने होते.) मानशीवर मासे धरायच्या हक्काचा लिलाव व्हायचा, पैसा गावकरीकडे जमा, त्यातून दुरुस्ती. आपण दरवर्षी वॉटरस्खापचा कर भरतो ना, कुरकुरत? तोच हिशेब. फक्त इथे त्याला संस्कृती म्हणतात आणि तिकडे "रिकामा प्लॉट".

खाजनं आज वाईट अवस्थेत आहेत आणि सगळा दोष बाहेरच्यांचा नाही. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना न्याय मिळाला, चांगलंच झालं, पण बांधांची जबाबदारी कूळ संघांकडे गेली आणि बऱ्याच ठिकाणी ती कोणाचीच उरली नाही. भातापेक्षा कोळंबीला भाव, म्हणून मुद्दाम खारं पाणी आत घेणारेही आहेत. एकदा बांध फुटला की जमीन वर्षानुवर्षं नापीक. आणि नापीक झालेल्या जमिनीवर भराव टाकायला कोण टपलेलं असतं, ते सांगायला नको.

तिथे आपण येतो, युरो घेऊन. फेमाच्या नियमाने एनआरआय किंवा ओसीआयला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळाली तर गोष्ट वेगळी. म्हणून ती आधी कोणीतरी शेतजमिनीतून काढतो आणि मग आपल्याला ब्रोशरमध्ये "पॅडी फील्ड व्ह्यू" म्हणून विकतो. "आम्ही नाही घेतला तर दिल्लीवाला घेईल." घेईल की! म्हणून तुम्ही घ्यायचा?

आणि ते "गोवा काय, आपलाच" जरा बेतानं. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला ३४,०२१ मतांच्या फरकाने नकार दिला. मतपेटीत जे मिळालं नाही, ते खरेदीखतात मिळवायची एवढी घाई कशाला? आपल्यापैकी कित्येकांची कुलदैवतं फोंड्यात आहेत, ते नातं पुरेसं आहे.

या सुट्टीत एक दिवस बीच सोडा. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा, नाहीतर जुन्या गोव्याहून दिवाडीला. ओहोटीच्या वेळी मुलांना मानशीजवळ उभं करा आणि ती झडप कशी उघडते ते त्यांनाच ओळखू द्या. पोल्डर शिकलेली पोरं आहेत, पाच मिनिटांत ओळखतील.

फ्लॅट घ्यायचाच असेल, तर बिल्डरकडे जमिनीचा फॉर्म १ आणि १४ मागा. त्यात जमिनीच्या प्रकारांचे रकाने असतात, एका रकान्याचं नावच खाजन आहे. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद आहे: तिथे विकासकामं नकोत. रकान्यात आकडा दिसला आणि बिल्डर "सनद झालीय मॅडम, काळजी नको" म्हणाला, तर फॉर्म आणि सनद दोन्ही मला पाठवा. फी घेणार नाही. पण त्या फ्लॅटचा बॉक्स ३ दुसऱ्या कोणाकडून भरून घ्या.