शंकेखोरांना सापडलेला पिंगळा

शंका घेणारा माणूस घरात फारसा कुणाला आवडत नाही. दावतीला सगळे जमलेले असावेत, कुणी काही रंगवून सांगत असावं आणि एकानं मध्येच विचारावं, ‘तुम्ही स्वतः पाहिलंत का?’ झालं, सगळ्यांच्या कपाळाला आठ्या! पण आपल्या खानदेशातल्या एका छोट्याशा घुबडाची हकिकत वाचलीत, तर या माणसाला पुढच्या दावतीत जरा मानानं बसवाल.

त्या घुबडाचं नाव वनपिंगळा. गावातल्या झाडांवर दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याचा हा रानातला भाऊबंद, जेमतेम २३ सेंटिमीटरचा. १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडात त्याचा पहिला नमुना मिळाला. पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. (होय, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम!) मग खानदेशात नोकरीला असलेले इंग्रज अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी तळोदा-शहादा भागातून आणखी काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र सारं सामसूम.

अशात एक दावा होता कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांचा. ऑक्टोबर १९१४ मध्ये गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीजवळ आपण हा पक्षी टिपला, असं त्यांच्या नमुन्याला बांधलेली चिठ्ठी सांगत होती. नामवंत माणूस, समोर प्रत्यक्ष पक्षी, चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाण. कोण कशाला शंका घेईल? पुस्तकांतून ती नोंद पक्की झाली. पुढे डॉ. सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणकारांनीही वनपिंगळ्याचा शोध घेतला, पण हाती काही लागलं नाही. मधूनमधून कुणी फोटो पुढे करी. तपासल्यावर तो साधा पिंगळा निघे.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या अभ्यासकांनी हा नमुना बारकाईनं तपासला. शिवण पाहून जाणता शिंपी सांगतो ना, हा टाका कुणाच्या हातचा, तसंच पक्ष्याचं कातडं भरण्याचंही असतं. प्रत्येकाची रीत वेगळी. कर्नलसाहेबांच्या पक्ष्यात डेव्हिडसन यांच्या हातच्या खुणा सापडल्या! ब्रिटिश म्युझियममधला जुना नमुना चोरून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी बांधलेली होती. याच साहेबांना परवानगीशिवाय नमुने नेल्याबद्दल १९१९ मध्ये त्या म्युझियमनं दीड वर्ष पक्षी विभागात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. तरी पुढे त्यांचा शब्द चालत राहिला. नाव मोठं असलं की गवाही तपासायची आपल्यालाच लाज वाटते.

मला या गोष्टीत खरी मजा इथून पुढे वाटते. मांडवीची नोंद खोटी ठरल्यावर वनपिंगळा आणखीच दूर गेला, असं कुणीही म्हणेल. पण ‘तो संपला’ हाही एक दावाच होता, आणि त्यालाही पुरावा नव्हता. रासमुसेन यांनी नकाशावरून खोटं ठिकाण पुसलं आणि खऱ्या नमुन्यांची ठिकाणं धरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्याबरोबर त्या आधी पूर्वेकडे फिरल्या. तिथे निराशा झाली. मग शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका बोडक्या झाडावर छोटं घुबड बसलेलं दिसलं.

तेव्हाही आधी तपासणीच. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं. पोटाचा खालचा भाग पांढरा, पंख आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे. व्हिडिओ घेतला, फोटो काढले. ११३ वर्षांनी वनपिंगळा सापडला होता. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी रानोमाळ हिंडून त्याचा अभ्यास केला. तो मेळघाटातही असल्याचं कळलं.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलानं वडिलांच्या मोबाईलवरचा फोटो दाखवला. ‘टीचर, वनपिंगळा! आमच्या चिंचेवर!’ मी एवढंच विचारलं, ‘डोक्यावर ठिपके आहेत का रे?’ दुसऱ्या दिवशी हिरमुसून म्हणाला, ‘आहेत. खूप आहेत.’ बाकीची पोरं हसली. मी त्याला शाबासकी दिली, कारण घरी जाऊन पुन्हा पाहणारा तो एकटाच होता. उर्दूच्या तासाला ‘तहकीक’ शब्दाचा अर्थ आता मी त्याच्याकडूनच सांगून घेते.

यात नुसती शास्त्रज्ञांची हौस नाही. चिंचेवर, बागेत, सगळीकडे वनपिंगळा आहे असं एकदा मानलं, की सातपुड्यातली झाडं तोडणाऱ्याचं फावतं. आणि तो संपलाच म्हटलं, तरीही त्याचंच फावतं. पक्षी आजही धोक्यात आहे. जिथे तो खरोखर आहे, तेवढंच रान आधी राखायला हवं.

२०१४ मध्ये मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यात तो दिसल्याची खबर आली. सातपुड्यापासून इतक्या दूर, सह्याद्रीत! जाणकारांनी आधी फोटो मागितले. डोकं पाहिलं, पट्टे पाहिले, पोट पाहिलं. या वेळी तो वनपिंगळाच होता.