सेवा : उपकार नव्हे, बांधिलकी

सेवाभावी क्लब म्हटले की वह्यावाटप आणि त्याचे छायाचित्र, एवढेच अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. वही घेताना मुलाची मान खाली जात असेल, तर त्या दानाला आम्ही सेवा म्हणणार नाही. पण त्याच क्लबांचे दुसरे कार्यही आपण पाहिले आहे. रोटरीने १९८५ मध्ये जगातून पोलिओ हटविण्याचा संकल्प केला. परदेशांतील सभासदही भारतात येऊन बालकांना डोस पाजू लागले. आपल्या भांडुपच्या टेकड्यांवर मात्र ते थेंब घरोघर पोहोचले ते आरोग्यसेविकांच्या पायपिटीमुळे. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला, तो पैसा आणि पायपीट दोन्ही वर्षानुवर्षे टिकली म्हणून.

बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. एका दिवसाचे वाटप नव्हे, तर मुलांचे शिक्षण पूर्ण होणे हे तिचे ध्येय होते. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी क्लबांत अवश्य जावे. मात्र देणगीबरोबर आठवड्यातील एक तास या वसतिगृहातील मुलांसाठी राखून ठेवावा. बांधिलकी ती हीच.