आभाराचा शिक्का



मागच्या पावसाळ्यात आमची आई बारा दिवस दवाखान्यात होती. सुटी मिळाली त्या दिवशी आम्ही डॉक्टरसाहेबांना हात जोडले, सिस्टरांना पेढे दिले आणि रिक्षाने परभणीतल्या आमच्या वस्तीत परतलो. घरी टेकताच आईने विचारले, "अन् त्या झाडणाऱ्या मावशीला काय दिलंस रे?"

आम्ही गप्प. रात्री-अपरात्री आईला उठवून बसवणारी, तिचे भांडे नेऊन टाकणारी ती बाई आमच्या ध्यानातही राहिली नव्हती.

आम्हाला आमचीच लाज वाटली. आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या गावचे रस्ते झाडले, मेली गुरे ओढली, सांगावे पोचवले. त्यांना भाकरतुकडा मिळाला, पण आभाराचा शब्द मिळाला नाही. उलट जोहार त्यांनीच घालायचा. त्यांची आम्ही लेकरे शिकलो, खुर्चीवर बसलो आणि तीच चूक करून आलो!

पैसे द्यावेत तर ती बक्षिशी झाली असती. मार्ग काढला तो मुलीने. आपल्या हाताने शिक्का कोरून आभारपत्र छापायचे. आम्ही कचेरीत दिवसभर शिक्के मारतो, पण शिक्का कोरतात कसा हे तेव्हा शिकलो.

एक मोठे खोडरबर घ्यावे. पातळ बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने पिंपळपान काढावे. तो कागद खोडरबरावर पालथा ठेवून नखाने घासला की चित्र उलटे उतरते. मग चित्राभोवतीचे रबर ब्लेडने कोरून काढावे. चित्र तेवढे उंच राहिले पाहिजे. हे काम मोठ्यांनीच करावे आणि पाते धरलेल्या हातापासून दूर चालवावे. लहान मुलांना भेंडी द्यावी. आडवी कापली की फुलाचा शिक्का आयता तयार.

अक्षरांत मात्र आम्ही फसलो. 'आभार' हा शब्द सरळच कोरला आणि कागदावर उमटला उलटा! घरात सगळे पोट धरून हसले. शिक्क्यावर जे उलटे, तेच कागदावर सुलटे. नवशिक्यांनी चित्र छापावे, शब्द हाताने लिहावेत.

पोस्टर कलर घट्ट ठेवावा आणि स्पंजने शिक्क्यावर टिपून लावावा. रंग पातळ झाला की रेघा बुजतात. पहिला ठसा रद्दी कागदावर घेऊन पाहावा. २२ बाय २८ इंची कार्डशीटचे साडेपाच बाय सात इंचांचे १६ तुकडे होतात. मधोमध दुमडले की १६ पत्रे तयार.

ठशाने छापण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. तारीख नोंदलेले जगातले सर्वांत जुने उपलब्ध छापील पुस्तक म्हणजे बौद्धांचे 'वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता सूत्र'. चीनमध्ये इ.स. ८६८ साली ते लाकडी ठशांनी छापले गेले, म्हणजे युरोपात गुटेनबर्गचे बायबल छापले त्याच्या जवळजवळ सहाशे वर्षे आधी! तुनहुआंगच्या लेण्यांत सापडलेली ही पाच मीटरांहून लांब गुंडाळी आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. वांग चिए नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांच्या वतीने, लोकांना फुकट वाटण्यासाठी ती करवून घेतली, अशी नोंद तिच्या शेवटी आहे. मंगलसुत्तातही कृतज्ञतेची गणना मंगल गोष्टींत केलेली आहे.

असो. आमचे पत्र छापून झाले आणि खरी अडचण पुढे आली. आत नाव काय घालायचे? बारा दिवसांत आम्ही मावशींचे नावच विचारले नव्हते! मुलगी दवाखान्यात जाऊन विचारून आली. मग पत्रात त्यांचे नाव लिहिले, त्यांनी आईसाठी काय काय केले ते लिहिले. खाली आईने प्रौढ वर्गात गिरवलेली आपली सही केली.

मावशींनी हात पदराला पुसून पत्र घेतले आणि मुलीकडून दोनदा वाचून घेतले. त्यांचे नाव आले तिथे त्या म्हणाल्या, "हे परत वाच."

१६ पैकी १५ पत्रे उरली होती. ती कोणाकोणाला द्यायची याची यादी आम्ही घरात बसून केली. तुम्हीही करा. आणि शिक्का कोरण्याआधी प्रत्येकाचे नाव तेवढे विचारून घ्या.