डाख लावलेली रॅम

तर झालं असं की जून २०२५ मध्ये एका रविवारी सकाळी सकाळी ताईचा डोंबिवलीहून फोन आला. "भिशी लागली रे. २५ हजार. पोरीला लॅपटॉप घ्यायचाय. एम.एस्सी.ला लागतो म्हणते. तू बघ. आणि आयसेव्हनच बघ हां, खालच्यांच्या मुलाकडे आयसेव्हन आहे."

मी म्हटलं थोडे मी घालतो. ताईने साफ नाही म्हटलं. मला तिचा स्वभाव माहीत आहे, त्यामुळे दुसऱ्यांदा विचारलं नाही. पण फोन ठेवल्यावर पोटात जरा गोळाच आला. हे पैसे म्हणजे दर महिन्याला घरखर्चातून बाजूला काढलेले. आता घेतलेली वस्तू वाईट निघाली तर पुढची तीनचार वर्षं दुसरी मिळणार नाही. आणि ती निवडून कोणी दिली? तर मामाने!

माझी भीती उगाच नव्हती. २०१३ साली मी स्वतःसाठी एक पातळ, देखणा लॅपटॉप घेतला होता. आयसेव्हन. बॅगेतून काढला की लोक वळून बघायचे. रॅम मात्र ४ जीबी, आणि तीही मदरबोर्डवर सोल्डर केलेली. तेव्हा वाटलं, लागली तर वाढवू. दोन वर्षांनी वाढवायला गेलो तेव्हा दुकानदाराने खालचं झाकण उघडून दाखवलं, "साहेब, यात स्लॉटच नाही." आजही तो लॅपटॉप माझ्या कपाटात आहे. स्क्रीन छान, कीबोर्ड छान, एक ओरखडा नाही. पण ब्राउझरची चार पानं उघडली की धापा टाकतो. धडधाकट माणूस नुसत्या दम्याने घरी बसावा तसा तो बसलाय.

माझी आजी तांब्याच्या भांड्याला डाख लावून आणायची. डाख लावलेलं कायमचं, ही तिची खात्री. तिच्या भांड्याच्या बाबतीत तो गुण होता. माझ्या लॅपटॉपच्या बाबतीत तोच दोष ठरला.

असो. पुढच्या शनिवारी मी आणि भाची लॅमिंग्टन रोडला गेलो. (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर तसं विचारलंत तर निम्मे लोक तुमच्याकडे बघत राहतील.) २५ हजारांत नवा हलका आणि दमदार लॅपटॉप मिळत नाही, हे मी आधीच मान्य केलं होतं. पण कंपन्या भाड्याने घेतलेले लॅपटॉप तीनचार वर्षांनी परत करतात, तो 'लीज रिटर्न'चा माल इथे येतो. मूळचे महागडे, ऑफिसात वापरलेले, मजबूत बांधणीचे. त्यातले थिंकपॅड मला आवडतात, म्हणून तेच बघायचे ठरवलं.

दुकानदाराने तीन काढून ठेवले.

पहिला एक्सवन कार्बन, सहावी पिढी, २०१८ चा. वजन १.१३ किलो. आयसेव्हन ८५५०यू, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. २५ हजार, म्हणजे भिशी तिथेच संपली. दुसरा टी४७०एस, २०१७ चा. आयसेव्हन ७६००यू, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. साडेतेवीस. तिसरा टी४८०एस, २०१८ चा. आयफाईव्ह ८२५०यू, ८ जीबी, २५६ जीबी. साडेवीस.

कागदावर बघाल तर तिसरा सगळ्यात लंगडा. ताई बरोबर असती तर तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. आणि माझं मत म्हणाल तर घेण्यासारखा तोच होता. का ते सांगतो.

सेकंडहँड पातळ लॅपटॉप घेताना लोक 'यात काय काय आहे' ते बघतात. मला वाटतं, आधी 'यात काय बदलता येणार नाही' ते बघावं. एसएसडी बदलता येते. बॅटरी या तिन्ही लॅपटॉपमध्ये खालचं झाकण उघडून बदलता येते. प्रोसेसर बदलता येत नाही. आणि सोल्डर केलेली रॅम बदलता येत नाही. म्हणजे आपण पैसे मोजतो ते खरं तर या न बदलणाऱ्या गोष्टींचे. बाकीचं आज कमी असलं तरी उद्या जमवता येतं.

या चाळणीतून तिघांना काढा. टी४७०एस वर आयसेव्हनचा स्टिकर आहे खरा, पण ती सातवी पिढी. आत दोनच कोअर. आठव्या पिढीत इंटेलने याच जातीच्या कमी विजेच्या चिपमध्ये चार कोअर दिले. म्हणजे आठवीतला आयफाईव्ह सातवीतल्या आयसेव्हनला एकाच वेळी चार कामं करताना सहज मागे टाकतो. दुसरं म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत सातव्या पिढीचे हे प्रोसेसर नाहीत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता (आणि संपलाही). लिनक्स टाकून तो मजेत चालला असता, पण भाचीच्या कॉलेजात सगळे विंडोजवर. त्यामुळे १६ जीबीचा मोह सोडला.

एक्सवन कार्बनचा प्रोसेसर चांगला. पण त्याचा आयसेव्हन आणि टी४८०एस चा आयफाईव्ह, दोघेही चार कोअरचे, दोघेही १५ वॉटचे. फरक मुख्यतः कमाल वेगाचा, ४.० विरुद्ध ३.४ गिगाहर्ट्झ. आणि पातळ अंगाच्या लॅपटॉपमध्ये काम लांबलं की उष्णतेमुळे दोघांनाही वेग कमी करावाच लागतो. रॅम मात्र एक्सवन मध्ये पूर्ण सोल्डर केलेली. ८ म्हणजे जन्मभर ८. भाची संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, ती 'आर' वापरते. 'आर' तुमचा डेटा रॅममध्ये घेऊन बसतं. रॅम संपली की प्रोसेसर कितीही हुशार असो, हात बांधून बसणार. माझं कपाट मला समोर दिसायला लागलं.

टी४८०एस मध्ये थोडी रॅम सोल्डर केलेली असते आणि शिवाय एक स्लॉट असतो. आमच्यासमोरच्या पीसमध्ये ८ जीबी बोर्डवर आणि स्लॉट रिकामा! त्याच दुकानात ८ जीबीची जुनी पट्टी १,४०० रुपयांना. झाले १६. पुढे कधी १६ ची पट्टी घातली तर २४. त्या रिकाम्या खाचेत मला त्या पोरीची पुढची चार वर्षं दिसत होती म्हणा ना.

आता उलट बाजूही सांगायला हवी. भाचीला एक्सवन हातात घेतल्याबरोबर आवडला. "मामा, केवढा हलका आहे बघ ना! मला रोज लोकलमध्ये उभं राहायचंय, बॅग पुढे लटकवून." हा मुद्दा मला झटकून टाकता येईना. सकाळच्या डोंबिवलीच्या गर्दीत मी उभा राहत नाही, ती राहते. टी४८०एस चं वजन १.३२ किलो. फरक १९० ग्रॅमचा, म्हणजे एका मोठ्या कांद्याएवढा. आम्ही दोघांनी शांतपणे विचार केला. दोन्ही लॅपटॉपची बॅटरी मुळात ५७ वॉट-अवरचीच. मग खरा प्रश्न असा की चार्जर रोज न्यावा लागणार का? चार्जर आणि त्याची वायर मिळून या १९० ग्रॅमपेक्षा जास्त भरते. म्हणजे ज्याची बॅटरी धड, तो लॅपटॉप खरा हलका.

हे मी बोललो आणि विसरलो. ती नाही विसरली. दुकानात टी४८०एस चे दोन पीस होते. एक चकचकीत, दुसऱ्याच्या झाकणावर ओरखडे आणि जुन्या ऑफिसच्या स्टिकरचा चिकट डाग. दुकानदार म्हणाला, "ताई, हा घ्या, एकदम नव्यासारखा." भाचीने दोन्हींवर विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लावला. चकचकीत पीसची बॅटरी ५७ वरून ३८ वर आलेली. ओरखडेवाल्याची ५१! मग तिनेच दोन्ही सुरू करताना एफवन दाबून बायोसला पासवर्ड नाही ना, ते पाहिलं. (आधीच्या कंपनीचा पासवर्ड राहिला असेल तर तो पीस फुकटही घेऊ नये, एवढं मी तिला गाडीत सांगितलं होतं.) आणि मला न विचारता ओरखडेवाला पुढे ओढला.

एकूण २१,९००. उरलेले ३,१०० ताईला परत दिले आणि बजावलं, "हे बॅटरीचे. दोन वर्षांनी लागतील, साडीला हात लावू नकोस." ताई फणकारली. मग लॅपटॉप बघितला. "आयफाईव्ह? आणि हे ओरखडे?" मी काही बोलायच्या आत भाची म्हणाली, "आई, ओरखडे वरून आहेत."

मला वाटतं आपण सगळेच निवड करताना बदलता येण्याजोग्या गोष्टींना भुलतो. जुना फ्लॅट बघायला गेलो की टाइल्स आणि किचनचा ओटा बघतो. ऊन कुठून येतं, पाणी किती वेळ येतं, हे परत आल्यावर आठवतं. टाइल्स पुढे कधीही बदलता येतात, ऊन बदलता येत नाही. स्टिकरवरचा आकडा मिरवायला बरा असतो, पण रोज काम पडतं ते आत डाख लावून बसवलेल्या गोष्टींशी.

पैसे भरपूर असते तर १६ जीबीवाला एक्सवन कार्बन घेतला असता का? घेतला असता, आनंदाने. ज्यांना परवडतो त्यांनी जरूर घ्यावा. पण पैसे मोजके असतात तेव्हा आपण आजची गरजच नाही, तर उद्याची वाटही विकत घेत असतो. ती बंद नसावी, एवढंच माझं म्हणणं.

भाची लॅपटॉप रोज नेते, चार्जर घरी ठेवून. ताईने त्या चिकट डागावर गणपतीचा छोटासा स्टिकर लावून दिलाय. आणि कपाटातला माझा आयसेव्हन अजून तसाच आहे, एक ओरखडा नाही...