कालवंवाल्यांचा संघ आताच हवा, आणि त्यात खाडीत उतरणाऱ्या बाईला मत हवं

पाली, हातखंबा, नाणीज आणि काजळीकाठच्या बंधू-भगिनींनो,

रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत ओहोटीला उतरून बायका कालवं काढतात. शिंपांनी हात कापतात. घरी येऊन ती फोडायची, वाटे लावून विकायची, आणि भाव मात्र घेणाऱ्याने सांगायचा. आता त्याच पाण्यात बांबूचे मांडव उभारून, दोरीला रिकामे शिंपले ओवून कालवांची शेती करा, असं सरकार सांगतं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत 2020 पासून त्यासाठी 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान आहे. हे चांगलंच आहे. पण अनुदान ज्याच्या-त्याच्या अर्जावर मिळतं, खाडी मात्र सगळ्यांची आहे.

कालव पाणी गाळून जगतं. पाण्यातली घाण आणि जंतू त्याच्या मांसात उतरतात. काजळी नदी अंजणारीच्या पुलाखालून भाट्याकडे जाते. सप्टेंबर 2022 मध्ये तिथेच गॅसचा टँकर कोसळला. गॅस हवेत तरी विरतो. उद्या तेल किंवा रसायन सांडलं तर खालच्या मांडवांची भरपाई कोण मागणार? एकट्या अर्जदाराला पंचनाम्यासाठी कुणी उभंही करणार नाही.

"आधी शेती वाढू दे, संघ मग बघू," असं काही जण म्हणतात. आम्हाला हे मुळीच मान्य नाही. शेती वाढेपर्यंत खाडीतल्या मोक्याच्या जागा पैसेवाल्यांनी धरलेल्या असतील आणि संघही तेच काढतील. केरळात अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांचा उपसा बेसुमार झाला, माल घटला, मग प्रजननाच्या काळात बंदी आली, बारीक माल काढणं थांबलं. पुढे काढणारे, व्यापारी, शास्त्रज्ञ आणि अधिकारी एका परिषदेत बसले. 2014 मध्ये त्या तिसऱ्यांना शाश्वत मासेमारीचं एमएससी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातल्या मासेमारीला मिळालेलं पहिलं. आपणही नुकसान होईपर्यंत थांबायचं का?

जयगडपासून पूर्णगडपर्यंतच्या खाड्यांचा एकच संघ हवा. मांडव नसला तरी कालवं काढायला जी उतरते, तिला पूर्ण मत. व्यापाऱ्याने बैठकीला यावं, बोलावं. मत त्याला नाही. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाकडून दर महिन्याला पाणी तपासून घ्यावं आणि निकाल गावागावांत लावावा.

पहिली बैठक पालीतच व्हावी. गोव्याचा महामार्ग आणि कोल्हापूरचा रस्ता इथे भेटतात, माल इथूनच जातो. मंत्री उदय सामंत यांचं घरही याच गावात. पण एकेकट्याने निवेदन घेऊन तिथे गेल्याने खाडीचा प्रश्न सुटणार नाही, आणि संघ कुठल्याही पक्षाच्या दावणीला बांधलेला आम्हाला नको. संघ नोंदवायला सहकार कायद्याने वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागतात. प्रत्येक खाडीतून दोन नावं द्या, त्यातलं एक बाईचं.

— खाडीकाठचे कालवं काढणारे आणि पिकवणारे