कॅमेरे किती? आधी बघायचं काय ते ठरवा!

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सीसीटीव्हीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "कॅमेरे किती?" आणि दुसरा: "मेगापिक्सेल किती?" रिक्वायरमेंट न विचारता कोडिंग सुरू करायचं, तशातला प्रकार. आम्हा आयटीवाल्यांच्या चांगल्याच ओळखीचा :)

खरा प्रश्न वेगळा आहे. या जागी नेमकं काय दिसायला हवं? कुणीतरी आलं एवढं कळणं वेगळं आणि चेहऱ्यावरून ओळख पटणं वेगळं. आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे पहिल्यासाठी दर मीटरला २५ पिक्सेल पुरायचे, दुसऱ्याला २५० लागायचे. म्हणजे दहापट! २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद. करा भागाकार. जेमतेम साडेसात मीटर. अख्खं पार्किंग एकाच कॅमेऱ्यात 'कव्हर' केलं, तर बाईक नेणारा दिसेल, पण तो कोण ते कळणार नाही.

मग डिस्क. २ एमबीपीएसने सतत रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो. सोळा कॅमेरे म्हणजे साधारण ३४६ जीबी. कोटेशनमधली ४ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरणार आणि जुनं पुसलं जाणार. पंधरा दिवस गावी जाऊन आलेल्याने पहिल्या रात्रीचं फुटेज मागितलं तर? हात वर!

पासवर्डचंही तेच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कंपनीने दिलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. तरी इन्स्टॉलर गेल्यावर पासवर्ड बदलायची आठवण किती कमिट्यांना होते?

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. फुटेज कोण बघणार, हे कुणी ठरवतच नाही. चोर वर्षातून एकदा येईल (किंवा येणारही नाही). कामवाल्या मावशी, वॉचमन आणि तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुली मात्र रोज दिसणार. कुणा सभासदाच्या मोबाईलवर चोवीस तास लाइव्ह चालू असेल, तर ती सुरक्षा नव्हे, चांभारचौकशी. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगितलंय. तो सोसायटीच्या गेटपाशी संपत नाही.

म्हणून माझं मत: सोळाऐवजी आठच घ्या, पण गेट, लिफ्टसमोरची जागा आणि जिना इथे नीट लावा. वाचलेल्या पैशांत मोठी डिस्क घ्या. फुटेज बघायचं तर कमिटीतल्या दोघांच्या सह्या आणि रजिस्टरमध्ये कारणासकट नोंद.

हे रजिस्टर तीस-चाळीस रुपयांत येतं. कोटेशनमध्ये ते कधीच नसतं, एवढंच!